डाव्या हाताची नाडी

देवासच्या अक्कांचा कुणावर विश्वास बसलेला त्यांच्या गल्लीत कुणी पाहिला नव्हता. दूध पातळ आलं तर गवळ्याने पाणी घातलं, आणि दाट आलं तर नक्कीच आरारूट. सासरे संस्थानच्या कचेरीत होते, तेव्हापासूनची घराची शिकवणच तशी: गोड बोलणाऱ्याची आधी झडती घ्यावी. त्र्याऐंशी साली मुलगा अशोक कारखान्यात लागला, बागलीची शशिकला सून होऊन आली, आणि अक्कांच्या संशयाला घरबसल्या काम मिळालं.

शशिकलेचा डावा हात दुखायचा. नुसती बसली असताना नाही. कणीक मळताना, धुणं पिळताना. पोरगी डावखुरी. थोडं पिळलं की हात गळून जायचा, जरा टेकली की पुन्हा ठीक. अक्कांनी ते बरोबर हेरलं.

“काम आलं की दुखतं, काम सरलं की थांबतं. असलं शहाणं दुखणं मी नाही बाई पाहिलं,” त्या म्हणाल्या, आणि मुद्दाम सतरंज्या धुवायला काढल्या.

अशोकने फारच गळ घातली म्हणून घरचे नीलकंठ वैद्य आले. बाईमाणसाची नाडी डाव्या हाताची, या रिवाजाप्रमाणे त्यांनी तिचं डावं मनगट धरलं. बोटं दाबली, सरकवली, पुन्हा दाबली. नाडी लागेना. समोर शशिकला तर पदर सावरत बसलेली. वैद्यबुवांनी घाम पुसला, “नाडीच लागत नाही,” एवढं म्हणाले आणि पिशवी उचलली.

अक्कांनी मात्र लगेच ताडलं. धारच्या जत्रेत त्यांनी एक बैरागी पाहिला होता. तो नाडी बंद करून दाखवायचा आणि लोक पाया पडायचे. त्याच्या काखेत दाबलेलं लिंबू फक्त अक्कांना दिसलं होतं. काख दाबली की हाताचं रक्त अडतं. म्हणजे सूनबाईचंही सोंगच. त्यांनी बागलीला तिच्या भावाला निरोप धाडला: बहिणीला घेऊन जा, कायमची. आईपुढे अशोकचं कधी चाललं नव्हतं, तेव्हाही चाललं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सुनेला पुढ्यात उभं केलं. “हात बाजूला कर.”

लिंबू नव्हतं. काहीच नव्हतं. अक्कांनी डावं मनगट धरलं, नाडी नाही. उजवं धरलं, तिथे ती टणाटण उडत होती. अक्का घाबरल्या आणि तशाच तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेल्या.

डॉक्टर विद्युल्लता इथल्याच, शाळा सगळी हिंदीत झालेली. त्यांनी दोन्ही हात तपासले.

“अक्का, दिल म्हणजे मांसाची मूठ समजा. ती आवळली की खून नळ्यांतून अंगभर जातो, सैल झाली की पुन्हा भरते. हाताचं मांसही आवळतं आणि सुटतं, पण दोन्ही कामांना त्याला खून लागतो. बसल्या जागी थोडा पुरतो. पिळायला घेतलं की कमी पडतो, मग दर्द. यांचं दिल ठीक चालतंय, डाव्या हाताची नळीच आतून तंग झालीय. इंदौरला दाखवावं लागेल. केव्हापासून आहे हे?”

“होळीच्या पहिलेपासून,” शशिकला म्हणाली. तेव्हा दसरा जवळ आला होता. अक्कांना सतरंज्या आठवल्या आणि लाज वाटली, चांगलीच वाटली.

घरी परतल्या तर बागलीचा भाऊ ओट्यावर बसलेला.

“तिला नको नेऊस,” अक्का म्हणाल्या. “इंदौरला मी घेऊन जाते.”

“नको अक्का,” शशिकला शांतपणे म्हणाली. “इंदौरला मी भावाबरोबर जाईन. तिथल्या मोठ्या डॉक्टरने सांगितलं तरी तुम्ही एकदा माझी काख बघालच.”

ती कपडे आवरून निघाली. ट्रंक भावाने घेतली. अक्का दारापर्यंत आल्या.

“परत येशील ना गं?”

“बघू.”

माणसांच्या बोलण्यात दुसरा अर्थ शोधण्यात अक्कांची उभी हयात गेली होती. या बोलण्यात त्यांनी तो पुष्कळ शोधला. पण पोरीचं खरंच अजून काही ठरलेलं नव्हतं.