दारूच्या कारखान्यात तिची बाज

बायको गेली. तेरवी झाली तशी सून म्हणाली, "मामाजी, बाज देऊन टाका आता." गेलेल्या माणसाची बाज आमच्यात घरात ठेवत नाहीत.

लग्नानंतर मीच घडवलेली ती, जाड सागवानाची. नवार ती स्वतः कसायची, माझं कसणं तिला पटायचं नाही. परक्याला द्यायला मन होईना. म्हणून चूक केली. कारखान्याला दिली. वाटलं, रोज नजरेसमोर तरी राहील.

कारखाना दारूचा, शहराबाहेर. मी तिथं सुतार. पिंपात वर्षानुवर्षं मुरणारी दारू हे लोक आठ दिवसांत मुरवतात. मी विलायती लाकडाच्या पट्ट्या पाडून भाजून देतो. त्या टाकीत टाकतात आणि गरम दारू पंपानं त्यांच्यावरून फिरवत राहतात. शनिवारी संध्याकाळी तिथंच नाटक. स्टेज नाही, खुर्च्या नाहीत. धरमपेठेकडची पैसेवाली माणसं ग्लास घेऊन टाक्यांमधून नटांच्या मागं फिरतात. गोष्ट एका जुन्या भट्टीवाल्याची. त्याची बायको मरते.

तिला नाटकवाल्यांनी माझ्या बाजेवर मारलं.

पहिल्याच शनिवारी पाहिलं. बायको झालेली पोरगी बाजेवर कण्हत होती आणि एक पाहुणा फोटोसाठी तिच्या पायाशी टेकला. बायकोच्या आजारपणात त्या जागी मी सात महिने बसलो होतो.

मॅनेजरला म्हणालो, "मले माही बाज वापस पाहिजे."

"काका, तुमीच तं आणून देली. आता लोकं तेच पाहाले येऊन राहिले."

"दुसरी बनवून देतो."

"जुनी दिसाले पाहिजे ना जी."

"मंग आठ दिवस टाका ना टाकीत! होते जुनी."

तो हसला. मी नाही हसलो.

पुढच्या शनिवारी नाटक चालू असतानाच घुसलो आणि बाजेची उशाकडची बाजू उचलली. मरणारी पोरगी घसरली. "काका, काय करून राहिले?" ती कुजबुजली.

"उतर वं. माह्या बायकोची हाय. याच्यावरच गेली ते."

ती उतरली. काही न विचारता तिनं पायथा धरला. पाहुण्यांना वाटलं, हेच नाटक. ग्लास सांभाळत सगळे आमच्या मागं फाटकापर्यंत आले. एक बाई तर रडत होती. एवढ्या लोकांसमोर मॅनेजर काय बोलणार?

फाटकाबाहेर पोरीनं बाज टेकवली. "काका, मले जा लागते. माहं मरणं बाकी हाये." ती आत पळाली. पाहुणेही तिच्या मागं गेले.

मी उरलो. ही बाज उचलायला दोन माणसं लागतात, हे मला माहीत होतं, मीच केली आहे. घर पार लांब, कळमन्याला. दोन ऑटोवाले थांबले, बाज पाहिली आणि निघून गेले. घरी सून बाजेला उंबरठा ओलांडू देणार नाही, हेही कळत होतं.

उशाकडून धरली आणि ओढू लागलो. मागचे पाय डांबरावर घासत होते. मी सुतार आहे, लाकूड सोलून निघतं तेव्हाचा आवाज मला कळतो. तरी ओढत राहिलो.