पठारावरची तिसरी शिट्टी

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. कुणी अनुभव सांगायला लागलं की मी पहिला प्रश्न विचारायचे, 'त्या दिवशी जेवला होतात का?' मी यादी करून जगणारी बाई आहे. घर परभणीला, नोकरी सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत, भाड्याची खोली नाशिक रोडला. सुट्टीच्या दिवशी खोलीत बसलं की घरची आठवण येऊन जीव नकोसा होतो, म्हणून डोंगर सुरू केले. आणि डोंगराचीही यादी असतेच - पाणी, गूळ-शेंगदाणे, दोरी, पट्टी, शिट्टी.

सोबत सुनीता. ती सांगलीकडची, आमच्याच कारखान्यात यार्डात क्रेनला इशारे देते. क्रेनचालक उंच बसलेला, खाली गोंगाट, त्यामुळे तिचं सगळं काम शिट्टीवर. एक लांब म्हणजे थांब. दोन म्हणजे वर. तीन म्हणजे खाली. डोंगरातही आम्ही तीच पद्धत ठेवली होती. चढताना माझ्या सूचना सुरू झाल्या की ती म्हणायची, "ताई, श्वास घ्यायचं लिहिलंय का यादीत? मग घेते."

ऑगस्टमधला रविवार. सिन्नरहून एसटीनं ठाणगाव, तिथून जीपनं डोंगराच्या पायथ्याची वाडी. पायवाट एका मोठ्या पठारावर चढते. पठार ओलांडलं की पलीकडच्या कड्यात एक घळ आहे, आणि घळीतून थोडं खाली उतरलं की कपार. पाऊस आला म्हणून आम्ही डबा त्या कपारीत खाल्ला. खाऊन झाल्यावर मी नेहमीप्रमाणे सगळं आवरलं, पुसलं, ज्याच्या त्याच्या पिशवीत भरलं. निघताना शेवाळावरून सुनीताचा पाय गेला. घोटा. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला.

मोबाइलला रेंज नाही. तिला कपारीत टेकवून बसवलं, पाय बांधला, माझा रेनकोट तिच्या अंगावर घातला. ती भिजलेली होती, दात वाजत होते. उजेड आहे तोवर तिला खाली न्यायचं, एवढं एकच डोक्यात. म्हटलं, "मी माणसं घेऊन येते. वर पोचले की दोन वाजवेन. तू उत्तर दे." तिनं डोळे मिटून मान हलवली.

वाडीत रामनाथभाऊ भेटले. साठीचे असतील, गुरं राखून हयात डोंगरात गेलेली. त्यांनी घोंगडी आणि बांबू घेतला - झोळी करायला - आणि पुतण्याला मागून यायला सांगितलं. वाटेत मला एवढंच म्हणाले, "धुकं लय उतरलंय बाई. माझ्या मागं मागं चाला."

पठारावर पोचलो तर स्वतःचे बूट दिसेनात. नुसतं पांढरं. घळ कुठल्या बाजूला, ते रामनाथभाऊंनाही सांगता येईना, मलाही. मी दोनदा शिट्टी वाजवली.

समोरून दोन आल्या. बारीक, पण स्पष्ट.

जीव भांड्यात पडला. मी मागून दिशा सांगत गेले आणि आम्ही त्या बाजूला झपाझप निघालो. मी वाजवायचे दोन, समोरून दोन. असं बराच वेळ चाललं... आणि मग एक लांब शिट्टी. थांब.

मी जागच्या जागी थांबले. माझ्यापुढे रामनाथभाऊही थांबले होते. त्यांनी काठी पुढे टेकवली. ती टेकलीच नाही. धुकं क्षणभर हललं तेव्हा दिसलं, पुढे गवत संपलं होतं आणि खाली काही नव्हतं.

मग उजव्या अंगाला तीन शिट्ट्या. खाली.

तिकडे वळलो आणि घळच सापडली. बसत-बसत उतरलो. सुनीता कपारीत होती. ओठ निळे पडलेले, पण शुद्धीवर. मला बघून पुटपुटली, "ऐकतेय की ताई मघापासून. तुमचं आपलं दोन-दोन चाललंय. उत्तर कशानं देऊ? शिट्टी तुमच्याकडंच ऱ्हायली."

जेवताना तिनं गळ्यातली शिट्टी काढून बाजूला ठेवली होती. मी पाठीवरची डब्याची पिशवी उघडली. चमचे, मिठाची डबी, आणि त्यांच्यामध्ये तिची शिट्टी. दोरी नीट गुंडाळून मीच ठेवलेली.

तिला झोळीत घातलं आणि अंधार पडायच्या आत खाली आणलं. नाशिकला ऑपरेशन झालं, पाय वाचला.

नंतर मी सगळ्या शक्यता एकेक करून खोडल्या. प्रतिध्वनी? मग मी दोन वाजवल्यावर एक कशी येईल? डोंगरात पावसाळ्यात शीळ घालणारा पक्षी असतो, पण तो मोजून घालत नाही. दुसरे ट्रेकर? वाडीतल्या कुणालाच दिसले नव्हते, आणि आमचे इशारे त्यांना कुठून माहीत?

शेवटी मिठाई घेऊन रामनाथभाऊंकडे गेले. विचारलं, "ती लांब शिट्टी ऐकून थांबलात ना तुम्ही?"

ते म्हणाले, "शिट्टी तर तुमचीच वाजत होती. मी थांबलो ते बाई बोलली म्हणून. 'थांब' म्हणली, अगदी कानाशी. तुम्हीच ना?"

मी नव्हते. सुनीताही नव्हती. तिनं माझ्या दोन-दोन शिट्ट्यांखेरीज काहीच ऐकलं नव्हतं.

डोंगर सोडले नाहीत. कशाला सोडायचे? यादीत एक ओळ वाढली, 'शिट्टी जेवतानाही गळ्यातच.' फेब्रुवारीत सुनीताचा पाय सरळ पडायला लागल्यावर पहिल्यांदा तिथेच गेलो. लख्ख उन्हात तो कडा पाहिला. आपण किती जवळ गेलो होतो ते तेव्हा कळलं. मी दोनदा शिट्टी वाजवली. थांबले. पुन्हा वाजवली. वाऱ्याशिवाय काही नाही.

सुनीता काठी टेकत कपारीकडे निघाली होती. मागे वळून म्हणाली, "चला ताई. वजन खाली टेकलं की क्रेनवाला थांबत नसतो. हुक सोडवून जातो."