नाव घातलेला डबा

"उसवता येतंय की, मग भ्यायचं कशाला?"

विजयमालाक्कांचं हे बोलणं कसबा बावड्यातल्या त्या गल्लीत सगळ्यांना पाठ होतं. विणकाम शिकायला आलेल्या पोरीचा टाका सुटायचा, ती रडकुंडीला येऊन सुया खाली ठेवायची, आणि आक्का आपल्या विणकामावरची नजर न काढता हे वाक्य म्हणायच्या. पुढं पुढं ते लोकरीपुरतं राहिलं नाही. कुणाच्या सुनेचं सासूशी वाजलं, कुणाच्या पोरानं चांगली नोकरी सोडली, तरी आक्कांचं औषध एकच. उसवायचं, गुंडा करायचा आणि पुन्हा पहिल्यापासून विणायला घ्यायचं.

शेजारच्या धोंडूबाईला हे कधी पटलं नाही. ती माती आणि चूल जाणणारी बाई. रोप चुकून उपटलं की ते गेलं, भाकरी करपली की ती करपलीच. "सगळं लोकरीचं नसतंय आक्का," ती म्हणायची. आक्का नुसत्या हसायच्या आणि सुई पुढच्या टाक्यात घालायच्या.

दोघींच्या घरांमध्ये कमरेएवढी भिंत होती. पलीकडं आक्का आणि त्यांचे मालक जिनपालअण्णा, अलीकडं धोंडूबाई आणि साखर कारखान्यातून निवृत्त झालेला तिचा नवरा जोतीराम. दिवाळी सरली, कारखान्याचं धुराडं धूर सोडायला लागलं, हवेत मळीचा गोडूस-आंबूस वास भरला आणि पंचगंगेकडून धुकं चढायला लागलं, की त्या भिंतीला जीव यायचा. आक्कांच्या बाजूला तेलाच्या रिकाम्या डब्यांतून शेवंती फुलायची, पिवळी आणि गर्द जांभळी. धोंडूबाईच्या बाजूला मेथी, लसूण, गाजरं. आक्कांच्या जैन घरात जमिनीखालचं काही शिजत नाही, म्हणून लसूण आणि गाजरं पार टोकाला, आणि भिंतीला लागून पावट्याचा वेल. असं लाव म्हणून तिला कुणी सांगितलं नव्हतं. वेल भिंतीवरून पलीकडं उतरायचा आणि सकाळी धोंडूबाई भिंतीवरच्या वेताच्या बुट्टीत शेंगा ठेवायची. आक्का त्या घ्यायच्या, रिकामी बुट्टी परत जागेवर ठेवायच्या. त्याला आता बरीच वर्षं झाली होती.

थंडीतली दुसरी गोष्ट म्हणजे भट्टी. गल्लीच्या तोंडाशी एका म्हाताऱ्या मामांची बेकरी होती. बायका घरून मैदा, पिठीसाखर, तूप घेऊन जायच्या आणि मामा भट्टीत नानकटाई भाजून द्यायचे. आक्का स्वतःचे भाजायचे पत्रे घेऊन जायच्या आणि पहिला घाणा त्यांचाच असायचा. धोंडूबाईच्या नानकटाईत अंडं पडायचं. तिचा नातू राजवीर तालमीत जायचा, त्याला ते लागायचं. म्हणून ती आपला नंबर शेवटी लावायची. पण दोघी एकत्र जायच्या, भट्टीच्या उबेला फळीवर बसायच्या. आक्कांच्या हातात सुया, धोंडूबाईच्या ओटीत सोलायच्या शेंगा. वेलदोडा कधी कुटून घालायचा हे धोंडूबाईला आक्कांनीच त्या फळीवर शिकवलं होतं.

त्या वर्षी आक्कांच्या सुईवर मोरपंखी लोकर होती. रंग धोंडूबाईनं निवडला होता, कारण स्वेटर तिच्यासाठी होता. उभ्या जन्मात तिनं स्वेटर घातला नव्हता. पहाटे म्हशीखाली बसताना जोतीरामचा जुना कोट अंगावर टाकायचा, एवढंच. पाठ विणून झाली होती, पुढची बाजू चालू होती. धोंडूबाई कुणाला बोलली नाही, पण म्हशीशी बोलताना तिनं दोनदा त्या रंगाचं नाव घेतलं होतं.

मार्गशीर्षातल्या एका दिवशी घरात पाहुणे आल्याचा निरोप आला. धोंडूबाई भट्टीवर डबा ठेवून घाईघाईनं परतली. तो डबा आक्कांचा होता. कधीतरी रव्याचे लाडू घालून तो भिंतीवरून आला होता आणि भरून परत करायचा म्हणून तिच्या फळीवर तसाच राहिला होता. झाकणावर नाव घातलेलं होतं, विजयमाला जिनपाल. आक्काही त्या दिवशी आपला डबा मामांकडं ठेवून लवकर घरी गेल्या होत्या, तोही तसाच, त्याच नावाचा. मामांनी दोन्ही घाणे गार करून दोन डब्यांत भरले. दुपारी अण्णा स्कूटरवरून आले, बायकोच्या नावाचा डबा मागितला आणि मिळाला तो घेऊन गेले.

धोंडूबाई उन्हं कलताना भट्टीवर गेली. डबा उघडला. तिची नानकटाई वरून लालसर व्हायची. डब्यातली दुधासारखी पांढुरकी होती.

ती धावतच आली. आक्का पायरीवर बसल्या होत्या. त्या सूर्य बुडायच्या आत खाऊन घ्यायच्या. हातात अर्धी नानकटाई, शेजारी चहाचा रिकामा कप.

"धोंडू, ये बाई. आज रंग बघ कसा आलाय. इतकी खुसखुशीत कधी झाली नव्हती."

धोंडूबाईच्या पदराखाली आक्कांच्या नानकटाईचा खरा डबा होता. म्हैस ओरडतीय असं काहीतरी पुटपुटून ती घरात गेली.

जोतीरामला सांगितलं तेव्हा त्यानं आधी हसून घेतलं. मग तिचं तोंड बघून हसू आवरलं. त्याचं म्हणणं सरळ होतं. खाल्लं, गोड लागलं, विषय संपला. न सांगता त्यांना कळणार कसं? आणि सांगितलं तर आक्का पुन्हा या घरातला पाण्याचा घोट तरी घेतील का?

धोंडूबाईलाही तीच भीती होती. भिंत होती तिथंच राहील, पण बुट्टी जाईल, भट्टीवरची फळी जाईल. तिनं बराच वेळ तवा घासला.

"त्यास्नी न्हाई कळणार," शेवटी ती म्हणाली. "पर मला कळलंय न्हवं."

सकाळी तिनं जाऊन सांगितलं. डबा कुणाचा, घाणा कुणाचा, आत काय होतं, सगळं. आक्का विणत होत्या. ऐकताना त्यांनी सुया खाली ठेवल्या नाहीत. उलट हात जास्तच भरभर चालायला लागले, सुयांचा आवाज वाढला. ओळ संपली, त्यांनी विणकाम उलटं फिरवलं आणि पुढची ओळ धरली. सगळं सांगून झाल्यावर "बरं" म्हणाल्या, एवढंच. धोंडूबाईनं खरा डबा तिथं ठेवला आणि अंड्याच्या नानकटाईचा उचलून घरी आणला.

नेहमीचं वाक्य काही आलं नाही.

अण्णांकडून कळलं की आक्कांनी उपवास धरलाय. अण्णांनी रागानं सांगितलं नाही, नेहमीसारखं सांगितलं, आणि तेच धोंडूबाईला जास्त लागलं. भिंतीवर तिनं शेंगांची बुट्टी ठेवली. दुसऱ्या दिवशी ती तशीच होती, शेंगा सुकून सुरकुतलेल्या. तिनं त्या म्हशीला घातल्या, नव्या ठेवल्या. त्याही तशाच राहिल्या. उपवासाला शेंगा कशाला लागतात, हे तिला समजत होतं. तरी मन मानत नव्हतं. मेथी खुडताना तिची नजर भिंतीपलीकडं जायची. आक्कांच्या पायरीवर ऊन यायचं आणि कुणी न बसता निघून जायचं.

मग एका सकाळी, धुकं अजून वेलावर बसलेलं असताना, आक्का पायरीवर दिसल्या. मांडीवर मोरपंखी रंग होता. धोंडूबाईच्या जिवात जीव आला आणि लगेच गेला. आक्का विणत नव्हत्या. त्या उसवत होत्या. धागा सर्रकन ओढायच्या, ओळीमागून ओळ नाहीशी व्हायची आणि गुंडा मोठा होत जायचा.

धोंडूबाई भिंतीशी उभी राहिली. मनात आलं, निमूट आत जावं. पण ती बावड्याची बाई. विचारल्याशिवाय तिला पाणी गोड लागलं नसतं.

"आक्का, नगं वाटत असंल तर ऱ्हाऊ द्या. सुनंला करा. मी काय वाईट वाटून घेत न्हाई."

आक्कांनी मान वर केली. उपवासानं चेहरा उतरला होता, डोळे मात्र निवळ होते.

"इकडं ये. हे बघ," त्या म्हणाल्या आणि विणलेला भाग भिंतीवर पसरला. खालचा भाग मऊ, सैल, पडेल तसा पडणारा. वरच्या चार बोटांच्या पट्टीत टाके इतके आवळ होते की कापड आत ओढलं गेलं होतं. "तू सांगितलंस त्या दिवशी विणलेलं हाय हे. मी लई चिडले होते धोंडू. तुझ्यावर, मामांवर, माझ्यावरबी. चव लागली होती ना मला. गोड लागली होती." त्यांनी ती आवळ पट्टी ताणून दाखवली. "रागात विणलेलं अंगात चढत न्हाई. श्वास घेताना टोचलं असतं तुला."

धोंडूबाई भिंतीपासून मागं वळली. ती घरात गेली आणि अंड्याच्या नानकटाईचा तो डबा घेऊन आली. चिंच लावून, राख लावून तिनं तो इतका घासला होता की नावाची अक्षरं नव्यासारखी चमकत होती.

आक्कांनी डबा हातात घेतला, बोट नावावरून फिरवलं आणि परत दिला. त्यांनी खोटं काही सांगितलं नाही. हा आता त्यांच्या स्वयंपाकघरात चालणार नव्हता.

"बुडाला भोकं पाडायला सांग जोतीरामला. माझ्या जांभळ्या शेवंतीचा फुटवा देते, तो लाव ह्यात. आणि भट्टीला जाताना दुसरा डबा घे बाई, तुझ्या नावाचा."

"माझ्या नावाचा कुठनं आणू? आमच्यात समद्या भांड्यांवर ह्यांचंच नाव हाय."

आक्का हसल्या. आवाज करून हसल्या, तशा त्या क्वचितच हसायच्या. मग भिंतीवरून हात घालून त्यांनी धोंडूबाईला पाठमोरी फिरवलं. खांद्यापासून खांद्यापर्यंत वीत टाकली, एक, दोन आणि वर चार बोटं. मोरपंखी गुंडा पायरीवर ठेवला, बुट्टीतल्या मूठभर शेंगा ओच्यात घेतल्या आणि बुट्टी जागेवर सारखी केली. आज पारणं होतं. आधी बस्तीत, जैन मंदिरात, दर्शन घेऊन यायचं होतं.

आक्का फाटकातून बाहेर पडल्या. हातात तांदळाची डबी, अंगावर त्यांनीच कधीतरी विणलेली राखाडी शाल. उसाचा एक ट्रॅक्टर धडधडत गेला, त्या कडेला थांबल्या, पुन्हा चालू लागल्या. धोंडूबाई डबा कमरेवर घेऊन वेलाआडून बघत उभी होती. मागं जोतीराम तोंडात दात घासायचा ब्रश धरून काय झालं म्हणून विचारत होता. धुक्यात आक्कांची पाठ पुसट होत चालली होती, पण मोकळा हात तिला स्पष्ट दिसत होता. चालता चालता त्या हाताची वीत उघडत होती, मिटत होती, हवेतच कुणाच्या तरी पाठीचं माप पुन्हा घेऊन बघत होती.