गुलाबरावांच्या अकरा रेघा

गुलाबराव बाहेर कुठेही पाणी पीत नसत. लग्नात नाही, दवाखान्यात नाही, सोयऱ्याधायऱ्यांकडे तर नाहीच. सिंदी मेघे गावातल्या घरून उकळून आणलेलं पाणी फिरकीच्या झाकणाच्या तांब्यात, आणि तांब्या कायम खांद्यावरच्या पिशवीत. कुणी आग्रह केला तर म्हणत, "वीस वर्सं लोकायच्या लेकरायची शी तपासून राह्यलो, भाऊ. पाण्यावरचा इस्वासच उडाला माहा."

ते आमच्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते आणि मी ऐंशीच्या दशकात नागपूरहून तिथे आलेली नवी डॉक्टर. लहान मुलांना जुलाब लावणाऱ्या एका विषाणूवर आमचं काम चाले. त्याच्या जनुकांचे अकरा तुकडे असतात. ते दोन काचांमध्ये जमवलेल्या जेलमध्ये घालून तासन्‌तास वीज सोडली की लहान तुकडे पुढे पळतात, मोठे मागे रेंगाळतात. मग चांदीच्या द्रावणात अकरा तपकिरी रेघा उमटतात. दोन पोरांचे विषाणू सख्खे की चुलत, हे रेघा जुळवून ठरवायचं. ऐकायला बरं वाटतं. पण वर्ध्याचा मे महिना, दिवसातून चारदा जाणारी लाइन, आणि उष्म्याने वाकड्या होणाऱ्या रेघा. निम्मी मेहनत मातीत जाई. तितकी मी पुढे आयुष्यात कधी थकले नाही.

गुलाबरावांचा एकच नियम होता. ज्यांची तुलना करायची ते दोघे एकाच जेलमध्ये, नमुना ओतायच्या शेजारशेजारच्या घरांत हवेत. "सोयरिकीत फोटो पाहून हो म्हनता काय? दोघाले एका सतरंजीवर बसवा, मंग पाहा." मला हे म्हातारपणाचं सोवळं वाटे.

त्या उन्हाळ्यात वडनेरचं एक बाळ न्यूमोनियाने दाखल झालं. दहाव्या दिवशी, बरं होऊन घरी जायच्या बेतात असताना, त्याला जुलाब लागले आणि ते गेलं. शेजारच्या खाटेवर हिंगणघाटचं जुलाबाचं मूल होतं. वडनेरच्या बाळाची आई मात्र त्याला घरच्या विहिरीचं पाणी पाजत होती. शहरातलं पाणी मानवत नाही म्हणून तिचा भाऊ कॅन भरून आणायचा. मग रोग शेजारून आला की घरून? हिंगणघाटच्या मुलाचं जेल आठवड्यापूर्वीचं तयार होतं. मी वडनेरच्या बाळाचं वेगळं लावलं आणि दोन्ही खिडकीत उजेडापुढे धरली. चौथी रेघ जुळेना. मी लिहून टाकलं, विषाणू वेगळे.

"डॉक्टरीणबाई, हे दोन दिवसायचे दोन जेल हायेत. गरमीचा फरक असन. कागद थांबवा," गुलाबराव म्हणाले.

"मी थकले आहे, गुलाबराव."

कागद गेला. दवाखान्यावरचा ठपका टळला म्हणून आमच्या विभागप्रमुख सरांना हायसं वाटलं. बाळाचा बाप दाखला घ्यायला आला तेव्हा त्यांनी सांगितलं, घरच्या पाण्याने झालं.

दुसऱ्या दिवशी गुलाबरावांनी मला न विचारता नवं जेल लावलं. दोघे शेजारी, आणि तिसऱ्या घरात दोघांचं मिश्रण. विषाणू वेगळे असते तर तिथे कुठेतरी जोडरेघ दिसली असती. लाइन दोनदा गेली, दोनदा आली. संध्याकाळी त्यांनी काच माझ्यासमोर धरली. मिश्रणात अकराच रेघा होत्या. मी तीनदा मोजल्या. त्या आठवड्यात वॉर्डातला नळ कोरडा होता आणि मीही न धुतल्या हातांनी एका खाटेवरून दुसरीकडे गेले होते, ते मला तेव्हा आठवलं.

"मीबी थकलोच हाओ," ते म्हणाले, "पन थे वडनेरची बाई सोताले काय म्हनत असन?"

सरांनी नवा कागद वाचला आणि फाइलला लावायला सांगितला; बाळाच्या घरी कळवायचं नाव काढलं नाही. रविवारी गुलाबराव वडनेरच्या गाडीत बसले. लाजेने मीही गेले.

बाळाची आई भिंतीशी बसली होती. सासू थोरल्या नातीला भरवत होती. "हिच्या हातचं पोरीले देत नाई आता आम्ही," सासूने साध्या आवाजात सांगितलं.

गुलाबराव आईसमोर खाली बसले. "माय, तुह्या पाण्यानं नाई गेलं लेकरू. आमच्याच दवाखान्यात लागलं त्याले, शेजारच्या खाटेवरून. आम्ही तपासून पाह्यलं."

"आधी मी चुकीचं लिहिलं होतं," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे पाहिलं. "मंग मले काऊन म्हनलं तसं?"

गुलाबरावांनी पिशवी खांद्यावरून काढून बाजूला ठेवली. आत तांब्या भरलेला होता.

"पाणी देजो, माय," ते म्हणाले. "तुह्याच हातानं."

तिने माठातून पेला भरून दिला. ते सासूच्या देखत सगळं पाणी प्यायले आणि रिकामा पेला पुन्हा पुढे केला. तिने तो पुन्हा काठोकाठ भरला. सासूने घास ताटलीत परत ठेवला, आणि थोड्या वेळाने ताटली सुनेकडे सरकवली.