विजेच्या बाई

विजेच्या बाई आमच्याशी बोलायच्या त्या पाठीमागं उभं राहून. लाजऱ्या होत्या म्हणता? छे! कारखान्याच्या शेठच्या डोळ्यांत डोळे घालून बोलणारी दुसरी बाई मी सातपुरात पाहिली नाही. आम्हाला मात्र आधी वळून बसायला सांगायच्या. अन् त्याला कारण आम्हीच होतो.

आणीबाणी उठली त्या सुमाराची गोष्ट. पत्र्याचे डबे बनवायच्या कारखान्यात आम्ही बायका पत्रा ठोकायच्या प्रेसवर होतो. दिवसभर धाडधाड, धाडधाड. त्या आवाजात कोण कोणाचं ऐकणार? आम्ही ओठ वाचायचो. कोणाच्या सासूनं काय केलं ते पलीकडच्या मशीनवरून कळायचं. मग एकदा सरकारी साहेब येणार म्हणून कानांची तपासणी निघाली. शेठच्या ओळखीच्या डॉक्टरांनी मशीन देऊन या बाईंना पाठवलं. कानांवर दोन डबड्या लावायच्या, आवाज आला की बोट वर करायचं.

आम्हाला एकच कळलं, बहिरी ठरली ती घरी बसली.

माझी पाळी आली. मी बाईंच्या भुवईवर नजर ठेवली. बटण दाबताना ती जराशी हलायची. भुवई हलली की माझं बोट वर. तीन-चारदा झालं. बाईंनी डबड्या काढल्या.

"आला आवाज?"

"आला की, बाई."

"अगं, मशीन मघाशीच बंद केलंय."

मागं रांगेत सगळ्या फिदीफिदी हसल्या. पण त्याही तसंच करून पास झाल्या होत्या ना! बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "डोळे हुशार आहेत तुमचे. आता कानांचं बोलू." मग आम्हाला जमिनीवर बसवून सांगितलं. कानाच्या आत शंखासारखी वळणाची नळी असते. तिच्यात पाणी, त्या पाण्यात बारीक पेशी, अन् पेशींच्या डोक्यावर केस. आवाजानं पाणी हललं की केस कलतात. कलले की पेशीत वीज जागते, ती नसेतून मेंदूत जाते, तेव्हा कुठं आपण ऐकतो.

"बाई, आमच्या चाळीत अजून मीटर नाही अन् तुम्ही कानात वीज घालता!" मी म्हटलं. तेव्हापासून त्या विजेच्या बाई.

त्या हसल्या, पण लगेच म्हणाल्या, "हे ठोके रोज बसले की ते केस मोडतात. डोक्यावरचे पुन्हा उगवतात, हे नाही उगवत. माझा थोरला भाऊ मालेगावला यंत्रमागावर होता. तिशीत कान गेले. लोक त्याला येडा म्हणायचे. तो येडा नव्हता, त्याला ऐकू येत नव्हतं."

शेवंता आमच्यात फटकळ. ती म्हणाली, "लय शहाण्या हाय तुम्ही, बाई. पर काम गेलं तर पोरांना काय कानातली वीज खाऊ घालू?"

बाई म्हणाल्या, "एकटीनं सांगितलंत तर जाईल काम. सगळ्यांनी सांगितलं तर डबे कोण ठोकणार?"

आम्ही एकेक जणी बाईंकडं पाठ करून बसलो. निम्म्याहून जास्त जणींचे कान गेलेले निघाले. माझा डावा. शेठ म्हणाले, सगळीकडं 'नॉर्मल' लिहा. बाई म्हणाल्या, "शेठ, मशीन डॉक्टरांचं आहे, सही माझी आहे." अन् खरं तेच लिहिलं.

आठवड्याभरात डॉक्टरांनी त्यांना कामावरून काढलं. भावाकडं मालेगावला निघाल्या तेव्हा मी अन् शेवंता एसटी स्टँडवर गेलो. मला रडू आलं. बाई म्हणाल्या, "रडतेस काय? मी लिहिलेलं ते फाडतील. तुमच्या तोंडचं कसं फाडतील?" त्यांची माझी भेट तीच शेवटची. कानात घालायची रबरी बोंडं आम्हाला मिळाली ती पार ऐंशी साल उजाडल्यावर, तीही भांडून.

त्या भांडणाची सुरुवात मात्र सांगते. बाई गेल्या त्याच आठवड्यात सरकारी साहेब आले. शेठनी मलाच पुढं केलं, मी गरीब दिसायचे ना! मोठ्यानं म्हणाले, "काय मावशी, ऐकू येतं ना व्यवस्थित?"

मी म्हटलं, "डाव्या कानानं नाही येत. प्रेसवर गेला."

"माझे दोन्ही गेले!" मागून शेवंता ओरडली. मग तिसरी. मग चौथी.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं अन् शेठकडं पाहिलं.

मी म्हटलं, "तिकडं काय बघता, साहेब? लिहा."