कॅलेंडरातलं इंग्लंड आणि आमची वेस

आमच्या गावाची वेस एका फुकटच्या कॅलेंडरामुळं वाचली, असं मी सांगितलं की लोक हसतात. हसा बापडे. मी तिथं होते.

कॅलेंडर आलं होतं जालन्याच्या बियाण्याच्या दुकानातून, सरकीच्या पिशव्यांबरोबर. खाली बारा महिने आणि वर इंग्लंडातल्या एका खेड्याचं भलंमोठं रंगीत चित्र. ओढ्यावर दगडी पूल, गवतानं शाकारलेली घरं, दारात गुलाब, पाण्यात बदकं, आणि चर्चच्या आवाराला एक जुनीपुराणी दगडी कमान. सरकी विकणाऱ्याचं इंग्लंडशी काय नातं, ते त्यालाच ठाऊक. काकांनी ते ओसरीवर टांगलं. येणारा-जाणारा त्याच्यापुढं उभा राहायचा. काकू तर रोज हळहळायच्या, "अगं बाई, एवढ्या मुलखावर राज केलं अन् अजून गवताच्या छपरातच राहून राह्यले!"

काका म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. तोंडानं फटकळ, डोक्यानं हट्टी, आणि पोळ्याच्या मानाचे धनी. पोळ्याला आमच्या वेशीत आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात. गावातले सगळे बैल झुली-बाशिंगं लेवून वेशीबाहेर उभे राहतात. मानाची जोडी पुढं येते, तोरण तुटतं, मग पोळा फुटतो आणि बाकीचे बैल आत सुटतात. ही मानाची जोडी आमच्या घरची. वर्षभर काकांना कुणी विचारो न विचारो, त्या एका दुपारी सगळा गाव त्यांच्यासाठी थांबायचा.

आम्हा पोरींनी मात्र वेशीच्या बुरजावर बसून बघायचं. "पोरीनं कासरा धरला की बैल बुजतेत," असं काकांचं शास्त्र.

"अन् मी रोज वैरण टाकते तवा कसे बुजत न्हाईत?" मी विचारायची.

"जा, पुरण वाट," हे उत्तर.

मी कॉलेजात गेले त्या वर्षी एसटीचा विषय निघाला. तोवर एसटी फाट्यावरच थांबायची आणि तिथून गावापर्यंत आपण नि काळ्या रानाचा चिखल. माझ्या दोन चपला त्या चिखलानं गिळल्या. आता एसटी थेट मारुतीच्या पारापर्यंत यायला तयार होती, फक्त ती वेशीत मावत नव्हती. मग काय, वेस पाडा! काकांचा धाकटा चुलतभाऊ या कामात पुढं होता. तरुणपणी कुस्त्या मारलेला गडी, गाव त्याला पैलवानच म्हणायचं. खरं सांगू? मीही मनातून पैलवानाच्याच बाजूची होते. दगडाच्या कमानीनं कुणाचे पाय कोरडे राहिलेत?

पण वेस गेली तर तोरण कुठं बांधायचं? तोरण नाही तर मान कसला? काकांना हेच खात होतं, आणि हे उघड बोलायची चोरी. बोलले असते तर गावानं स्वार्थी ठरवलं असतं. जेवण कमी झालं, बोलणं त्याहून कमी. भर सुगीत हा माणूस गोठ्यात बैलांच्या पाठी खाजवत बसायला लागला.

पारावर बैठक ठरली त्या दिवशी काकांनी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं, काखेत मारलं आणि मला म्हणाले, "चल. तू कालेजात हायस."

बैठकीत पैलवान आधीच तापलेला. "भाऊ, तुमाला गावाचं पडलं न्हाई, मानाचं पडलंय. वेस पडू द्या, तुमचा मान मी खांद्यावर घेऊन मिरवतो!" सगळे खो खो हसले. काकांचं तोंड एवढंसं झालं. त्यांनी कॅलेंडर उलगडून पाराला टेकवलं.

"ह्ये गोऱ्यांचं गाव. पैशाला कमी हायेत का ते? मंग ही जुनी कमान का पाडली न्हाई? आन् बघा बरं, यात एसटी दिसून राह्यली का कुठं?"

सगळे वाकले. बदकं मोजली, गुलाब पाहिले. एसटी नव्हती.

"न्हाई ना? म्हंजी त्यांची एसटी बी वेशीबाहेरच थांबती!"

आता या युक्तिवादाला काय म्हणावं! पण माणसं माना डोलवायला लागली. पैलवानानं डोकं खाजवलं आणि माझ्याकडं वळला. "काय गं, तू शिकलेली. खरंय का ह्ये?"

इंग्लंड मी त्या कॅलेंडरापलीकडं पाहिलं नव्हतं. समोर चिखल होता, माझ्या चपला होत्या. पण काका माझ्याकडं बघत होते. जन्मात कधी माझ्याकडं काही मागितलं नव्हतं त्यांनी, आणि आता डोळ्यांनी भीक मागत होते.

"बिलकुल खरंय," मी म्हणाले. आणि एकदा सुरुवात झाल्यावर मी कशाला थांबतेय? "तिथं जो वेस पाडतो त्याच्या गावाची एसटीच बंद करतेत. सात पिढ्या पायी चालवतेत."

झालं! वेस राहिली. एसटी बाहेर चिंचेखाली थांबायची ठरली, फाट्यापासून तिथवर गावानं मुरूम टाकला. माझ्या चपलासुद्धा वाचल्या. कॅलेंडर पुढं कित्येक वर्षं ओसरीवरून हललं नाही. "पोळा न्हाई बिचाऱ्यांना," म्हणून काका त्या गोऱ्यांची कीव करायचे.

मग काळ बदलला. माझं लग्न झालं, मी जालन्यात राहायला गेले. काकांच्या मुलानं बैल विकून ट्रॅक्टर घेतला. त्या वर्षी पोळ्याला मी मुद्दाम गावी आले आणि सवयीनं बुरजावर जाऊन बसले. वेशीबाहेर बैल उभे, तोरण बांधलेलं, आणि मानाची जोडी नाही. कुणी म्हणालं, दुसऱ्या घराला मान द्या. पैलवान, केस पांढरे झालेला, सगळ्यांच्या पुढं आडवा उभा राहिला. "मानाची जोडी आल्याबिगर पोळा फुटत न्हाई."

तेवढ्यात काका आले. हातात पाट, पाटावर मातीचे दोन बैल. वीतभर उंचीचे, शिंगांना बेगड चिकटवलेली. कुणी हसलं नाही. काकांनी मान वर करून तोरणाकडं बघितलं. ते फार उंच होतं, हात पोचणार नव्हता.

पैलवान त्यांच्यापुढं खाली बसला. "चढा, भाऊ. बोललो हुतो ना, खांद्यावर मिरवीन म्हणून."

काका चढले. वरून त्यांनी आधी पैलवानाच्या टाळूवर टिचकी मारली. "बराबर धर. पाडापाडीची सवय हाय तुला."

मग त्यांनी बुरजाकडं नजर फिरवली आणि मला हाक मारली. मी बुरजावरून खाली उतरले. त्यांनी पाट माझ्या हातात दिला. पन्नास बैल मागं, सगळा गाव मागं, आणि मी वेशीत उभी. काकांनी हात उंचावून तोरण तोडलं, पानं माझ्या डोक्यावर पडली, आणि मला रडूच फुटलं.

"रडती काय? चाल जल्दी!" काका वरून ओरडले. "पोळा खोळंबलाय तुझ्यापायी!"