आवाज म्हातारा करणाऱ्या पुष्पाताई

पुष्पाताई गाणं तळहातानं ऐकायच्या. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते आसगावच्या मंडईत. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव अशी जत्रेसारखी मंडई भरते आणि भर दिवसा दंडार, म्हणजे नाच-गाण्याचं लोकनाट्य, रंगते. मंडपाच्या कडेला पन्नाशीची एक बाई डोळे मिटून उभी होती. उजवा हात स्पीकरच्या पेटीवर, डावा मिक्सरवर. मला वाटलं, चक्कर आली असेल, म्हणून टेकली. तेवढ्यात तिनं एक बटण किंचित फिरवलं आणि इतका वेळ चिखलात रुतल्यासारखी वाजणारी ढोलकी मोकळी झाली.

नवरा गेल्यावर त्याचं बिछायत केंद्र, म्हणजे मंडप, खुर्च्या, स्पीकर, सारं त्या एकट्या चालवत होत्या. मिक्सरवरची इंग्रजी अक्षरं त्यांना वाचता येत नसत. म्हणून त्यांनी प्रत्येक बटणापाशी वेगळ्या रंगाची टिकली चिकटवली होती. शाहिराची लाल, ढोलकीची हिरवी, टाळांची पिवळी.

माझा पवनीत स्टुडिओ आहे. वरातीत वाजणारी गाणी रिमिक्स करून देतो. पण जीव होता डबवर. नागपुरात शिकताना एका मित्राच्या खोलीत ते ऐकलं आणि त्या नादाला लागलो. जमैकातल्या यंत्रवाल्यांनी रेगेच्या गाण्यातून गायकाचा आवाज काढून टाकला, ड्रम आणि बेस तेवढा ठेवला, मधूनच एखादा शब्द प्रतिध्वनीत भिरकावला, आणि तबकडीच्या मागच्या बाजूला एक नवंच संगीत जन्माला आलं. पुढे यंत्रावरचे ड्रम आले, मग संगणक आला. हा सगळा प्रवास मला पाठ होता. भंडारा जिल्ह्यात तो दुसऱ्या कुणाला ठाऊक नसावा, याचा मनातून अभिमानही होता.

ओळख वाढली तशी एकदा मी ताईंना पेन ड्राइव्हमध्ये डब भरून दिलं. खरं सांगायचं तर थोड्या मोठेपणानंच दिलं. आठ दिवसांनी फोन आला.

"भाऊ, हे तं निंदन आहे जी!"

"काय?"

"धानात निंदन नाही करत का? जे नको ते उपटून फेकाचं. मंग धान दिसते. घालाले तं सारेच घालतेत जी, काढाले हिंमत लागते."

दहा वर्षं मी जे वाचत, ऐकत, घोकत होतो, ते त्या बाईनं एका वाक्यात सांगून टाकलं होतं. मी फोनवर हसलो. पण त्या दिवशी स्टुडिओत माझं कशात लक्ष लागलं नाही.

नवऱ्याच्या वेळचं प्रतिध्वनी काढणारं एक जुनं इको मशीन त्यांच्याकडे पडून होतं. त्यात टेपची पट्टी फिरायची. भजनाला वापरायचे. ताईंनी ते पुसून, तेल घालून चालू केलं. मी म्हणालो, "ताई, हे आता संगणकात मिळतं, एकदम स्वच्छ." त्यांनी माझ्या स्टुडिओत येऊन तेही ऐकलं आणि मान हलवली.

"याचा आवाज मरतच नाही जी. पयला जसा, दहावाही तसाच. आवाज म्हातारा झाला पायजे. खोकत-खोकत गेला पायजे."

टेपवर प्रत्येक फेरीला प्रतिध्वनी जरा मळतो, जरा विरतो. जुन्या डबचा जीव त्यातच आहे, हे मी पुस्तकात वाचलं होतं. ताईंनी ते कानानं ओळखलं. त्यानंतर मी त्यांच्यातल्या उणिवा शोधू लागलो. तार नीट गुंडाळत नाहीत, टिकल्या लावतात, रेगे शब्दसुद्धा 'रेगी' म्हणतात, असं मी चारचौघांत हसत-हसत सांगायचो.

पुढच्या मंडईत दंडारीचं ध्वनिमुद्रण मी करत होतो, प्रत्येक माइकचा आवाज वेगवेगळा. मिक्सरवर ताई होत्या. शाहिरानं शेवटची ओळ उचलली आणि ताईंनी ती अर्ध्यावर तोडली. शेवटचा शब्द घोळत-घोळत म्हातारा होत विरून गेला. मग टाळ गेले, बाजाची पेटी गेली. उरली नुसती ढोलकी. मग तीही गेली. खाऱ्या शेंगा विकणारी बाईसुद्धा हात थांबवून मंडपाकडे बघत राहिली. आणि ढोलकी परत आली तेव्हा दंडारीतल्या नाच्यासकट सारा मंडप उसळला. शाहीर खाली उतरून ताईंच्या पाया पडला. मी यंत्रात डोकं घालून बसलो होतो. मला ते सहन होत नव्हतं.

त्या गर्दीत अगदी मागे, मिक्सरजवळचं काही दिसणार नाही इतक्या लांब, अनिरुद्ध नावाचा पुण्याचा एक तरुण होता. लोकसंगीताची ध्वनिमुद्रणं काढणारा. मंडपावरच्या फलकावर माझ्या स्टुडिओचा नंबर होता. चार दिवसांनी त्याचा फोन आला.

"ते मिक्सिंग तुम्ही केलं होतं का?"

मी म्हणालो, "हो."

त्यानं मला पुण्याला बोलावलं, लोकांसमोर तसंच करून दाखवायला. मी गेलो. दंडारीचं ध्वनिमुद्रण माझ्यापाशी होतंच, चांगला लॅपटॉप होता, चांगला मिक्सर होता. आणि सुरुवात झाल्यावर मी भरत गेलो. इथे एक प्रतिध्वनी, तिथे एक गडगडाट. थांबायची भीती वाटत होती. लोकांनी सभ्यपणे टाळ्या वाजवल्या. अनिरुद्ध एवढंच म्हणाला, "आसगावचा हात आज लागला नाही वाटतं."

परतल्यावर मी सरळ आसगावला गेलो. ताई अंगणात मंडपाचं फाटलेलं कापड शिवत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी दातानं दोरा तोडला.

"खोटं बोलले तं बोलले. वाजवलं कसं?"

"वाईट."

"काहून?"

"थांबता आलं नाही, ताई."

तेव्हा त्या खऱ्या संतापल्या. "माझं नाव नेलं असतं तं चाललं असतं जी. पर आमच्या शाहिराचा आवाज तिकडं परक्या मान्सांत नासवून आले तुमी! लावा त्याले फोन. माझ्यासमोर लावा."

मी लावला. 'मिक्सिंग मी केलं नव्हतं' हे चार शब्द त्यांच्यासमोर उच्चारले, आणि ते कुणी केलं तेही सांगितलं.

अनिरुद्ध आसगावला आला. समाजमंदिरात दोन दिवस ध्वनिमुद्रण चाललं. मी तारा ओढल्या, माइक लावले. ताईंचा हात टिकल्यांवरून फिरताना पाहत राहिलो आणि मनात एकच विचार होता: हे मला का नाही? निघताना अनिरुद्धनं त्यांना विचारलं, "हे तुम्हाला शिकवलं कुणी?"

ताईंनी क्षणभरही विचार केला नाही. माझ्याकडे बोट दाखवलं. "या भाऊनं. यायनं ऐकवलं नसतं तं मी कायले शिकते जी?"

त्यांनी ते अगदी मनापासून म्हटलं. मला त्यांचा इतका हेवा आधी कधीच वाटला नव्हता.

पुढच्याच वर्षी ताई मेंदूतल्या रक्तस्रावानं गेल्या. त्यांचं ध्वनिमुद्रण नंतर बाहेर आलं, दूरदूर पोचलं. सोबत छापलेल्या मजकुरात, शिकवलं कुणी याचं त्यांनी अनिरुद्धला दिलेलं उत्तर जसंच्या तसं आहे. आता अनोळखी लोकांचे मला फोन येतात, "पुष्पाताईंचे गुरू तुम्हीच ना?" मी सांगतो, मी काही शिकवलं नाही, उलट त्यांचं काम माझं म्हणून सांगितलं होतं. लोक पलीकडून हसतात. त्यांना तो माझा विनय वाटतो.